उरलेली पाकिटं

आजऱ्यात बारावीला मी अर्थशास्त्र शिकवते. 'मक्तेदारीयुक्त स्पर्धा', म्हणजे अनेक विक्रेते पण प्रत्येकाची वस्तू जराशी वेगळी, हा भाग आला की मुलांना घरून रिकामी वेष्टनं आणायला सांगते. साबण, चहा, बिस्किटं टेबलावर मांडायची आणि विचारायचं, यातला फरक वस्तूत किती नि जाहिरातीत किती? अर्थतज्ज्ञ एडवर्ड चेंबरलिन यांनी 1933 साली मांडलेला वस्तुभेद, म्हणजे आपली वस्तू इतरांपेक्षा वेगळी दाखवणं, मुलांना असा पटकन उमगतो.

त्या दिवशी एका मुलीनं कधीच न भरलेल्या पाकिटांची जुडी आणली. नाचणीच्या बिस्किटांची.

"आईच्या बचत गटाची. माल बंद झाला मॅडम, पाकिटं तेवढी उरली."

"खपत नव्हती?"

"लोकं घरला येऊन मागायची. शेजारच्या काकू तर दुप्पट पैसे द्यायला तयार होत्या. पण अशा काकू चार-पाचच. दुकानात भाव सगळ्यांना एकच."

मग तिनंच खर्च सांगितला. भट्टीचं कर्ज. पाकिटाच्या प्रत्येक रंगाला छपाईचा वेगळा सिलिंडर, आणि थोडी पाकिटं कुणी छापून देईना. शंभर पुडे विका नाहीतर दहा हजार, हा खर्च तेवढाच.

इतकी वर्षं मी वर्गात सांगत आले की बाजारात एकाच वस्तूचे नको तितके प्रकार असतात. जे प्रकार तगलेच नाहीत, त्यांचा विचार मी मुलांपुढे कधी मांडला नव्हता. मुंबईत शिकलेले अविनाश दीक्षित आणि अमेरिकेचे जोसेफ स्टिग्लिट्झ या अर्थतज्ज्ञांनी 1977 च्या लेखात नेमका हा प्रश्न घेतला आहे. ज्या वस्तूला मोजकं पण पक्कं गिऱ्हाईक आहे आणि उभारणीचा खर्च मोठा, ती लोकांना हवी असूनही बाजारातून गळू शकते. कारण काकूंना मिळणारं सगळं समाधान विकणाऱ्याच्या गल्ल्यात येत नाही. एम.ए.ला मी ही समीकरणं सोडवली होती. त्यांचा अर्थ त्या जुडीनं दाखवला.

"जाहिरात केली असती तर?" तिनं विचारलं.

जाहिरातही आधी पैसे मागते, हे मी सांगितलं. पण पुस्तक जाहिरातीच्या सगळ्याच खर्चाला 'विक्री खर्च' म्हणतं, ते मला पटत नाही. दोन सारख्या साबणांनी एकमेकांची गिऱ्हाइकं ओढण्यासाठी ओतलेला पैसा वेगळा, आणि आजऱ्यात नाचणीची बिस्किटं मिळतात हे पुण्यातल्या माणसाला कळवण्याचा खर्च वेगळा. दुसरा मला वाया गेलेला वाटत नाही.

एक पाकीट मी तिच्याकडून मागून घेतलं. दुसऱ्या दिवशी 'ब' तुकडीत टेबलावर आधी तेच ठेवलं, साबण नंतर.