आमची वाटचाल : औषधाआधी पाणी

आमच्या दुकानात गिऱ्हाईक पहिल्यांदा येतं ते बहुधा काही विकत घ्यायला नाही, दाखवायला. हातात पिशवी, पिशवीत मिटून बसलेलं कोरल, म्हणजे घरच्या मत्स्यटाकीत पाळलेलं जिवंत प्रवाळ, आणि प्रश्न एकच : कुठलं औषध टाकू? आम्ही आधी त्यांच्या टँकचं पाणी मागतो. नाशिकच्या हौशी मंडळींत आमचं जे काही नाव झालं, ते या सवयीमुळे.

धंदा सुरू झाला गोड्या पाण्यातल्या माशांवर. मी रसायनशास्त्राची पदवीधर, लग्नाआधी अंबडच्या एका कारखान्यात पाणी तपासायचं काम करायचे. माझे धाकटे दीर पाइप, पंप, वायरिंगमध्ये तरबेज. गंगापूर रोड, कॉलेज रोडच्या घरांत खाऱ्या पाण्याचे टँक दिसू लागले, तेव्हा लोक कोरल मुंबईहून आणत. कसारा घाट चढून आलेलं ते कोरल इथे खंगायला लागलं की विचारायला जवळ कोणी नसायचं. हळूहळू ते आमच्याकडे यायला लागले.

नाशिकचा उन्हाळा हा आमचा पहिला मोठा धडा. कोरलच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं. कोरलचं बरंचसं अन्न हे शैवालच बनवतं. पाणी फार तापलं की कोरल ते शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. पांढरं म्हणजे मेलेलं नव्हे, हे मी प्रत्येकाला सांगते. अशा वेळी घाबरून लाइट वाढवतात, तो उलट कमी करायचा, तापमान २५-२६ अंशांवर टिकवायचं आणि थोडं थोडं भरवायचं. पाणी थंड करणारं चिलर यंत्र सगळ्यांना परवडत नाही. पण एप्रिल-मेमध्ये आपल्याकडची हवा कोरडी असते, त्यामुळे पाण्यावर साधा पंखा लावला तरी दोन-तीन अंश उतरतात. मुंबईच्या दमट हवेत हा उपाय इतका चालत नाही. मात्र पंख्याने पाणी झपाट्याने उडतं, मीठ मागे राहतं, आणि क्षारता (हजार भाग पाण्यात किती भाग मीठ, ते) ३५ वरून चढत जाते. म्हणून उडालेल्या पाण्याची भरपाई खाऱ्या पाण्याने नाही, आरओ-डीआय गाळणीच्या शून्य टीडीएसच्या, म्हणजे विरघळलेले क्षार काढून टाकलेल्या, पाण्याने करायची. भावोजींनी त्यासाठी फ्लोट लावून आपोआप भरणारी सोय बसवायला घेतली, आणि उन्हाळ्यात येणाऱ्या पिशव्या लक्षात येण्याइतक्या कमी झाल्या.

दिंडोरीकडच्या एका द्राक्षबागायतदारांची केस मात्र मी विसरणार नाही. मासे ठणठणीत, पण गोगलगायी पटापट मेलेल्या आणि झोआ (बटणांसारखी दिसणारी मऊ कोरल) उघडेनात. मासे बरे आणि बिनकण्याचे जीव मरतायत म्हटल्यावर माझ्या डोक्यात पहिलं नाव आलं तांब्याचं. टेस्ट केली, तांबं निघालं. पावसाळ्यात द्राक्षावरच्या डाऊनी या रोगासाठी बोर्डो मिश्रण कालवायची बादली धुऊन मिठाचं पाणी बनवायला वापरली होती. बोर्डोत चुना आणि मोरचूद, आणि मोरचूद म्हणजे तांबंच. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या औषधांतही बऱ्याचदा तेच असतं. आम्ही कोरल आमच्या टँकमध्ये हलवली, त्यांच्या टँकमध्ये कार्बन आणि तांबं शोषणारं मीडिया लावलं, पाणी पुन्हा पुन्हा बदललं. दगड तांबं धरून ठेवतात आणि सावकाश सोडत राहतात, म्हणून टेस्ट बराच काळ निरंक आल्याशिवाय कोरल परत दिली नाहीत. बागायती भागातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला आता आम्ही सांगतो : टँकची बादली वेगळी, त्यावर नाव लिहा, शेतावर नेऊ नका, आणि फवारणीनंतर हात स्वच्छ धुतल्याशिवाय टँकमध्ये घालू नका.

काही पिशव्या आम्ही तशाच परत पाठवतो. लेदर कोरल, म्हणजे चामड्यासारखं दिसणारं मऊ कोरल, अधूनमधून आक्रसतं, अंगावर मेणचट पापुद्रा धरतं आणि तो टाकून देतं. हा आजार नाही. प्रवाह थोडा वाढवा आणि काही दिवस वाट पाहा. हे सांगायचे आम्ही पैसे घेत नाही.

खरंच सडायला लागलं असेल, काळपट चिकट भाग आणि दुर्गंधी असेल, तर मात्र थांबत नाही. धारदार ब्लेडने निरोगी भागापर्यंत आत जाऊन कापायचं, टँकमधूनच काढलेल्या पाण्यात आयोडीनचं डिप (बुडवायचं द्रावण) फिक्या चहाच्या रंगाइतकं करून त्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवायचं, मग मंद उजेडात, हलक्या प्रवाहात. बुळबुळीत लेदर गोंदाने चिकटत नाही. रबरबँडने किंवा जाळीने दगडावर सैल बांधलं की ते स्वतःच धरतं. झोआ आणि त्यांच्याच जातकुळीतल्या पॅलिथोआला हात लावताना हातमोजे आणि चष्मा हवाच. त्यांतल्या काहींमध्ये पॅलिटॉक्सिन हे अतिशय घातक विष असतं. नको असलेले झोआ मारायला दगड उकळायचा विचार कोणी करत असेल, तर कृपा करून करू नका. ती वाफ श्वासात गेली तर घरादाराला हॉस्पिटल गाठावं लागेल.

दगडी प्रवाळ, म्हणजे कठीण सांगाड्याची कोरल, आम्ही ठेवत नाही आणि विकत नाही. २००१ पासून ते १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या परिशिष्ट १ मध्ये आहेत, म्हणजे कायद्याने वाघाच्या रांगेत. मालवणच्या समुद्रातून उचललेला तुकडा कोणी घेऊन आलं तर आम्ही तो ठेवून घेत नाही आणि त्यांना कायदा समजावून सांगतो. ‘एवढा एक तुकडा’ म्हणून रागावून गेलेले लोक आहेत. गेले तर गेले. आमचं काम लेदर, मशरूम, झोआ, झेनिया या मऊ कोरलपुरतं, आणि त्यात पुष्कळ आहे.

बऱ्या झालेल्या कोरलचा कापलेला एखादा चांगला तुकडा गिऱ्हाईक आमच्याकडे ठेवून जातं. तो आम्ही वाढवतो. त्यामुळे आज दुकानातला बहुतेक माल बाहेरून मागवलेला नाही, इथेच वाढलेला आहे. पुढच्या उन्हाळ्याआधी अशा तुकड्यांसाठी आणखी एक उथळ टँक बांधायचा आहे. भावोजींनी काच सांगून ठेवली आहे.