तुम्ही विचारलंत म्हणून : भारत खेळत नसताना मी काय पाहतो

"सर, भारत खेळून नाही रायला, तरी तुमी काऊन पाहता?"

हा प्रश्न मला फाट्यावरच्या टपरीवर विचारतात, शाळेच्या व्हरांड्यात विचारतात, लग्नाच्या पंगतीतसुद्धा विचारतात. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात शारीरिक शिक्षणाचा शिक्षक आहे. वीस वर्षं पोट्ट्यांना कबड्डी शिकवतोय. घरची चार एकर शेती आहे, त्यात कापूस, तूर आणि थोडा हरभरा. आणि नोव्हेंबर लागला की मोबाइलवर मी इंग्लंडची रग्बी पाहतो, ॲशेस, म्हणजे इंग्लंड-ऑस्ट्रेलियाची कसोटी मालिका, असली तर तीही पाहतो. यंदा, २०२५ मध्ये, या प्रश्नाला पुढे आणखी एक प्रश्न जोडला गेला. माझा एक जुना विद्यार्थी आता गावातच कृषी केंद्र चालवतो. तो म्हणाला, "सर, तेच इंग्लंड रग्बीत लागोपाठ अकरा मॅचा जिंकते, अन् क्रिकेटमधी दोन दिवसांत गुंडाळल्या जाते. हे कसं काय बापा?"

टपरीवर उभ्या उभ्या मी त्याला काहीतरी सांगितलं, पण ते अर्धंच होतं. तुम्ही विचारलंत म्हणून आता नीट सांगतो.

रग्बीची ओळख मला अमरावतीला झाली. मी तिथे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकलो. ही १९१४ सालची संस्था. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी इथल्याच चमूने परदेशी लोकांना कबड्डी करून दाखवली होती. २००३ च्या नोव्हेंबरात आम्ही पाच-सहा जण होस्टेलच्या टीव्हीसमोर बसून रग्बी विश्वचषकाची अंतिम लढत पाहत होतो. नियम कुणालाच धड माहीत नव्हते. जादा वेळेतली शेवटची काही सेकंदं उरलेली, गुण १७-१७. डावखुऱ्या जॉनी विल्किन्सनने उजव्या पायाने चेंडू खांबांमधून मारला आणि इंग्लंड २०-१७ असं जिंकलं. नियम कळले नाहीत, पण त्या माणसाचा चेहरा मला कळला. चढाईला जाताना, मैदान रिकामं झालेलं असताना, शेवटच्या गड्याचा असतो तसा.

ज्यांना हा खेळ अजिबात माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पंधरा विरुद्ध पंधरा, ८० मिनिटं. चेंडू हातात घेऊन पळायचं, पण हाताने द्यायचा तो मागेच, पुढे देता येत नाही. पलीकडच्या रेषेपार चेंडू टेकवला की ५ गुण, याला ट्राय म्हणतात. पळत्या खेळात चेंडू जमिनीवर टाकून, उसळताच लाथेने खांबांमधून काढला तर ३ गुण, याला ड्रॉप गोल म्हणतात. आणि समोरच्याला पकडून पाडायचं. कबड्डीवाल्याला बाकी काही समजावून सांगावं लागत नाही. पकड कुठे घ्यायची, खांदा कुठे लावायचा, पकड घेतल्यावर साथीदार किती पटकन येऊन साखळी बांधतो, हे आमच्या पोट्ट्यांना पाहताक्षणी दिसतं.

आता यंदाच्या हंगामाकडे येतो. पण तो समजायला एक वर्ष मागे जावं लागेल.

२०२४ च्या नोव्हेंबरात हाच इंग्लंडचा संघ घरच्या ट्विकनहॅम मैदानावर लागोपाठ तीन सामने हरला. न्यूझीलंडकडून २२-२४, ऑस्ट्रेलियाकडून ३७-४२, दक्षिण आफ्रिकेकडून २०-२९. पहिले दोन तर अक्षरशः शेवटच्या क्षणी हातातून गेले. न्यूझीलंडविरुद्ध बदली म्हणून उतरलेल्या जॉर्ज फोर्डने अखेरच्या मिनिटांत एक पेनल्टी (समोरच्याच्या चुकीबद्दल मिळणारी किक) मारली, ती खांबाला लागली. मग ड्रॉप गोलचा प्रयत्न केला, तोही हुकला. त्या रात्री मला झोप लागली नाही. परक्या देशाच्या माणसासाठी झोप का उडावी, असं घरात विचारलं गेलं. पण ज्याने कधी एका गुणाने तालुक्याची फायनल हरून पोट्ट्यांना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसवून घरी आणलं आहे, त्याला खांबाचा तो आवाज ऐकू येतो.

त्यानंतर २०२५ च्या फेब्रुवारीत आयर्लंडकडून हरले आणि तिथून गाडी वळली. फ्रान्सला २६-२५ हरवलं, स्कॉटलंडला १६-१५. म्हणजे या अकरा विजयांमधले पहिले दोन फक्त एकेका गुणाचे आहेत, हे लोक विसरतात. स्कॉटलंडच्या फिन रसेलची शेवटची किक आत गेली असती तर ही मालिका सुरूच झाली नसती. पुढे इटली, वेल्स, मग जुलैत अर्जेंटिनाच्या भूमीवर दोन विजय, अमेरिकेवर एक. त्या दौऱ्याच्या वेळी इंग्लंडचे बरेच मोठे खेळाडू ब्रिटिश अँड आयरिश लायन्स या इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंडच्या एकत्रित संघाबरोबर ऑस्ट्रेलियात होते, म्हणजे हे सामने मागच्या फळीने जिंकले. आणि मग नोव्हेंबर : ऑस्ट्रेलिया २५-७, फिजी ३८-१८, न्यूझीलंड ३३-१९, अर्जेंटिना २७-२३.

या चारांमधला न्यूझीलंडचा सामना मी जन्मभर विसरणार नाही. १५ नोव्हेंबर, शनिवार. आमच्या फिडरला त्या आठवड्यात रात्रीची लाइन होती. हरभऱ्याला पाणी द्यायचं म्हणून मी जेवण करून साडेआठलाच शेतात गेलो. थंडी पडली होती. मोटर सुरू केली, मोबाइल स्टार्टरच्या पेटीवर टेकवून ठेवला आणि सामना लावला. एक सरी भरली की फावड्याने बांध फोडून पाणी दुसरीकडे वळवायचं आणि परत येऊन पाहायचं. दोन सऱ्या होईपर्यंत न्यूझीलंड १२-० पुढे गेलं. मला वाटलं, पुन्हा तेच. पण इंग्लंडने एक ट्राय केला, आणि मध्यंतराच्या तोंडावर फोर्डने काही मिनिटांच्या आत दोन ड्रॉप गोल मारले. तोच फोर्ड, तेच मैदान, समोर तोच काळा पोशाख. १२-११. मी फावडं हातात धरून तिथेच उभा राहिलो आणि पाणी बांधावरून वाहून शेजारच्या तुरीत गेलं.

पण माझ्या मते सामना जिंकला तो फोर्डमुळे नाही, बाहेर बसवलेल्या माणसांमुळे. प्रशिक्षक स्टीव्ह बोर्थविक यांनी एलिस गेंज, ल्यूक कोवन-डिकी, विल स्टुअर्ट हे पुढच्या फळीचे तीन बलदंड गडी सुरुवातीला खेळवलेच नाहीत. तिघेही लायन्सचे खेळाडू, घरात पहिल्या पसंतीचे. टॉम करी आणि हेन्री पोलॉकही बाहेरच. आठ राखीवांपैकी सहा जण धक्क्याला धक्का देणारे. समोरचा संघ दमला की हे ताजे लोक आत सोडायचे. मागच्या वर्षी शेवटची वीस मिनिटं ज्यांनी गमावली, त्यांनी सगळी तयारीच शेवटच्या वीस मिनिटांची केली. २०१२ नंतर पहिल्यांदा ट्विकनहॅमवर न्यूझीलंडला हरवलं ते असं.

हे मला इतकं का भिडलं, ते सांगतो. माझ्या संघातला सर्वांत चांगला डावा कोपरारक्षक मी कित्येकदा पहिल्या डावात बसवून ठेवतो. त्याचे वडील मैदानाच्या कडेला येऊन म्हणतात, "सर, माह्यं पोरगं बाहेर काऊन? त्यानं काय बिघडवलं?" गावात बाहेर बसणं म्हणजे अपमान. या नोव्हेंबरात मी त्या मुलाला आणि त्याच्या वडिलांना दोघांनाही शेजारी बसवून गेंज आत येतानाचा भाग दाखवला. वडील काही बोलले नाहीत. पण पुढच्या सामन्याला मुलगा राखीव बाकावर पाठ ताठ करून बसला होता.

आता क्रिकेट.

ॲशेसची पहिली कसोटी ऑस्ट्रेलियात पर्थला २१ नोव्हेंबरला सुरू झाली. आपल्याकडे सकाळचे ७:५०. ही वेळ कापूसवाल्याला फार सोयीची असते. त्या वेळी बोंडावर दव असतं, आणि दव असताना कोणी शहाणा माणूस वेचणी करत नाही. ओला कापूस गाठोड्यात बांधला की आतून गरम होतो, पिवळा पडतो आणि खरेदीला नेला की ओलाव्याची कात बसते. म्हणून बाया येतात, बांधावर बसतात, ऊन चढायची वाट पाहतात. मजुरी वाया जातेय हे सगळ्यांना दिसतं, तरी कुणी हात लावत नाही.

पहिल्या दिवशी १९ गडी बाद झाले. इंग्लंड १७२, त्यात मिचेल स्टार्कचे ५८ धावांत ७ बळी. मग बेन स्टोक्सने फक्त सहा षटकांत २३ धावा देऊन ५ गडी काढले. ऑस्ट्रेलियाचा डाव दुसऱ्या सकाळी १३२ वर संपला. त्यांचे मुख्य वेगवान गोलंदाज कमिन्स आणि हेझलवूड नाहीत, सलामीवीर उस्मान ख्वाजाची पाठ धरलेली. दुसऱ्या दिवशी उपाहाराला इंग्लंड १ बाद ५९. ९९ धावांची आघाडी आणि नऊ गडी हातात. जानेवारी २०११ नंतर इंग्लंडने ऑस्ट्रेलियात एकही कसोटी जिंकलेली नव्हती, आणि आता सामना मुठीत होता.

तोवर दव उतरलं होतं. आम्ही कापसात शिरलो. मी मोबाइल खिशात ठेवून एक पाती वेचली आणि धुऱ्यावर येऊन पाहिलं, तर धावफलकावर ५ बाद ७६. मला वाटलं, नेट अडकलं असेल, जुनंच काही दाखवत असेल. पोप, ब्रूक आणि रूट, तिघेही ७६ वरच गेले होते, जेमतेम षटकभराच्या आत, तिघेही चेंडू अंगाजवळ येण्याआधी ड्राइव्ह मारायला जाऊन. इंग्लंड १६४ मध्ये आटोपलं. २०५ चं लक्ष्य ट्रॅव्हिस हेडने सलामीला येऊन ८३ चेंडूंत १२३ धावा करत संध्याकाळच्या आत संपवलं. आधीच्या तीन डावांत त्या खेळपट्टीवर कुणालाही १७२ च्या पुढे जाता आलं नव्हतं. ऑस्ट्रेलियाने ते २८.२ षटकांत केलं, आठ गडी राखून. ॲशेसची कसोटी दोन दिवसांत संपली ती १९२१ नंतर पहिल्यांदाच.

लोक म्हणतात, इंग्लंड अति मारायला गेलं म्हणून हरलं. मला हे पटत नाही. हेडने काय कमी मारलं? फरक मला ऑस्ट्रेलियाचा गोलंदाज स्कॉट बोलँडमध्ये दिसला. पहिल्या डावात त्याने ६२ धावा दिल्या आणि एकही बळी नाही. एका रात्रीत त्याने आपला टप्पा दुरुस्त केला, दुसऱ्या डावात ३३ धावांत ४ बळी घेतले. समोरचा माणूस बदललाय हे इंग्लंडच्या फलंदाजांनी पाहिलंच नाही. कालच्या बोलँडला मारतात तसं आजच्या बोलँडला मारायला गेले. एक तास थांबायचं होतं, चेंडू जुना होऊ द्यायचा होता, ऊन चढू द्यायचं होतं. हेड मात्र मारायला लागला तो इंग्लंडचे गोलंदाज टप्पा हरवून बसले तेव्हा. मारण्याची वेळ त्याने ओळखली.

त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाला माझं उत्तर हेच आहे. रग्बीवाल्या इंग्लंडने तीन पराभव छातीवर घेतले आणि वर्षभर एकाच गोष्टीवर काम केलं : सामना कधी जिंकायचा. क्रिकेटवाल्या इंग्लंडला कसं जिंकायचं ते माहीत आहे, कधी जिंकायचं ते नाही.

पहिल्या कसोटीवरून मालिकेचं भाकीत करू नये, हेही खरं. २००५ मध्ये इंग्लंड लॉर्ड्सवर २३९ धावांनी हरलं आणि ॲशेस जिंकलं. आपण २०२० मध्ये ॲडलेडला ३६ वर बाद झालो आणि मालिका २-१ ने घेतली. उलट २०२४ मध्ये याच पर्थ शहरात २९५ धावांनी जिंकून मालिका ३-१ ने घालवली. फेब्रुवारी २०२३ मध्ये मी आठ पोट्ट्यांना घेऊन नागपूरच्या जामठा मैदानावर गेलो होतो. बॉर्डर-गावस्कर मालिकेची पहिली कसोटी, तिसरा दिवस. रवींद्र जडेजा आणि अक्षर पटेलने आदल्या दिवशीच कांगारूंना दमवलं होतं, आणि दुसऱ्या डावात अश्विनसमोर अख्खी ऑस्ट्रेलिया ९१ मध्ये बाद. एक डाव आणि १३२ धावा. पोट्टे परतीच्या गाडीत म्हणत होते, आता चारही आपल्याच. तिसरी कसोटी आपण इंदूरला हरलो.

तरी मला विचाराल, तर इंग्लंड ही ॲशेस जिंकेल असं मला वाटत नाही. टप्पा एका रात्रीत सुधारता येतो. वाट पाहायची सवय दहा-बारा दिवसांत लागत नाही. आणि रग्बीचंही सांगतो : यंदाच्या नोव्हेंबरात दक्षिण आफ्रिका इंग्लंडसमोर आलीच नाही. २०२३ चे विश्वविजेते तेच आहेत. शेवटच्या वीस मिनिटांची खरी परीक्षा तिथे होईल, आणि त्या सामन्याची मी मनापासून वाट पाहतोय. पर्थच्या पराभवाच्या दुसऱ्याच दिवशी, रविवारी रात्री, अर्जेंटिनाने इंग्लंडला चार गुणांपर्यंत आणलं होतं. इंग्लंड तेव्हा ढळलं नाही, पण दमलेलं दिसलं.

दुसरी कसोटी ४ डिसेंबरला ब्रिस्बेनला आहे, प्रकाशझोतात, गुलाबी चेंडूवर. आपल्याकडे सकाळी साडेनऊला सुरू होईल. त्या वेळेला दव उतरलेलं असतं, दुसरी वेचणी अर्ध्यावर आहे आणि बाया मिळतात तोवर काम उरकून घ्यायचंय. पहिला तास मला बघता येणार नाही. कृषी केंद्रवाल्याला सांगून ठेवलंय, पाच गडी पडले तरच फोन कर.