कामिनोवर रोज किती चालायचं? माझा अनुभव

७८० भागिले ३३. कामिनो फ्रान्सेस ही यात्रेकरूंची जुनी पायवाट चालायचं मनात आलं की जवळजवळ प्रत्येक जण आधी हा भागाकार करतो. पिरेनीजच्या पायथ्याशी, फ्रान्समधल्या सेंट जाँ पिये द पोरपासून स्पेनमधल्या सांतियागो दे कोम्पोस्तेलापर्यंतचं अंतर साधारण ७८० किलोमीटर, आणि त्याचे ३३ टप्पे पाडायची पद्धत रूढ आहे. उत्तर येतं साडेतेवीसच्या आसपास. हा आकडा परतीचं तिकीट काढायला उपयोगी पडतो. शेंगेन व्हिसाच्या अर्जात जायची-यायची तारीख आणि मुक्कामांचा तपशील द्यावा लागतो, त्यामुळे भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्याला "पोचू तेव्हा पोचू" म्हणायची सोय नाही. पण एकदा तिकीट निघालं की ती सरासरी बाजूला ठेवावी, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या वाटेवर सरासरी दिवस असा कुठला नसतोच.

सुरुवात स्वतःच्या वेगापासून केली. सपाट रस्त्यावर, मोकळ्या पाठीने मी तासाला पाच किलोमीटर सहज चालते. मात्र सॅक पूर्ण भरलेली, पायात तिथे नेणार तेच बूट, मध्ये पाणी पिणं, मोजे बदलणं, खाणं, नुसतं बसणं, असं सगळं धरून घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंतचा वेळ लावला, तर वेग तासाला साडेतीनच्या आसपास येतो. सॅक शरीराच्या वजनाच्या दहा टक्क्यांत बसवावी असं सगळेच सांगतात. पाण्याच्या बाटल्या भरल्या की ते गणित डळमळतं. शिवाय एका दिवसाच्या सरावावरून काहीच कळत नाही. पहिल्या दिवशी उत्साहात पंचवीस किलोमीटर होऊन जातात. लागोपाठ तिसऱ्या दिवशी पाय काय म्हणतात ते महत्त्वाचं. म्हणून सलग दिवसांचे सराव केले आणि वहीत फक्त शेवटच्या दिवसाचा वेग लिहिला.

माझ्यासोबत येणारी मैत्रीण वैतागली. "अगं, सगळ्यात वाईट आकडा कशाला धरतेस?"

"तिथे सगळे दिवस तिसरा दिवसच असणारेत ना," मी म्हटलं. तिला ते पटलं नाही, पण रोजच्या टप्प्यांच्या हिशेबाची शीट मीच बनवत होते.

चढासाठी नेस्मिथचा ठोकताळा वापरला. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने तो १८९२ मध्ये मांडला: दर पाच किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. त्यात विश्रांती धरलेली नसते. मी पाचच्या जागी माझे साडेतीन घातले आणि चढाचा भाग तसाच ठेवला. मग पहिला टप्पा मांडून पाहिला. सेंट जाँ ते रोन्सेस्वायेस, २५ किलोमीटर. सुरुवात समुद्रसपाटीपासून जेमतेम १७० मीटरवर, लेपोएदेरची खिंड १४०० मीटरच्या वर, म्हणजे चढ साडेबाराशे मीटरच्या आसपास. अंतराचे सात तास, चढाचे दोन, एकूण नऊ. सकाळी सातला निघालो तर पोचायला चार वाजणार, तेही वाट चुकलो नाही आणि धुक्यात अडकलो नाही तर. शरीराला अजून सॅकची सवय नाही, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उठून चालायचं आहे.

त्यामुळे तो टप्पा ओरिसॉनला तोडला. सेंट जाँपासून ओरिसॉन फक्त ८ किलोमीटर आहे. कागदावर हसू येतं, पण त्या आठात ६०० मीटरहून जास्त चढ आहे, आणि पहिल्या दिवसाला तेवढं पुष्कळ होतं. तिथे खाटा मोजक्याच, त्यामुळे आधी आरक्षण करावंच लागतं. म्हणजे पहिले दोन दिवस ८ आणि १७ किलोमीटरचे. हिवाळ्यात जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट: ही वरची वाट १ नोव्हेंबर ते ३१ मार्च बंद असते, तेव्हा खालून वाल्कार्लोसच्या दरीतून जावं लागतं आणि हा सगळा हिशेब बदलतो.

उताराचं नेस्मिथने काहीच सांगितलेलं नाही. पुढे एरिक लँगमूरने भर घातली: तीव्र उतार असेल तर दर ३०० मीटरला दहा मिनिटं वाढवा. पण उतारावर प्रश्न वेळेपेक्षा गुडघ्यांचा असतो. लेपोएदेरहून रोन्सेस्वायेसला बीचच्या जंगलातून उतरणारी वाट सरळ आणि तीव्र आहे. इबान्येताकडून जाणारी थोडी लांब पण सौम्य. आम्ही लांबची घेतली. त्याच्या पुढच्या दिवशी सुबिरी गावात शिरताना खडकाळ उतार आहे, त्यासाठी गुडघे शिल्लक ठेवायचे होते. शीटमध्ये चढाशेजारी उताराचा रकाना त्यासाठीच केला. तिथे मिनिटं लिहिली नाहीत, लाल खूण केली. एका दिवसात दोन लाल खुणा आल्या की तो दिवस लहान करायचा.

एवढं झाल्यावर लक्षात यायला लागतं की रोजचं अंतर आपले पाय ठरवत नाहीत, पुढची खाट ठरवते. कामिनोवर गावं बरीच जवळजवळ आहेत, त्यामुळे बहुतेक दिवशी मन बदलता येतं. पण काही पट्टे असे आहेत की तिथे एकदा शिरलं की पार करावंच लागतं. विल्याफ्रांका मोन्तेस दे ओकाच्या पुढे सान हुआन दे ओर्तेगापर्यंत सुमारे १२ किलोमीटर गाव नाही. कारिओन दे लोस कोंदेसच्या पुढे काल्सादिया दे ला कुएसापर्यंत १७ किलोमीटर गाव नाही, सावली नाहीच म्हटलं तरी चालेल. हा पट्टा सकाळीच करायचा, म्हणजे आदल्या रात्री कारिओनलाच झोपायचं, म्हणजे त्याआधीची रात्र फ्रोमिस्ताला, तिथून कारिओन १९-२० किलोमीटर. असं मागे मागे जात मी आधी खुंट्या ठोकल्या: ओरिसॉन, कारिओन, फोन्सेबादोन, ओ सेब्रेइरोच्या पायथ्याचं लास एरेरियास, सारिया. मधले दिवस या खुंट्यांमध्ये ताणून किंवा सैल करून बसवले. सगळ्या नियोजनातली मला सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट हीच.

अंतराच्या आकड्यांवरून मात्र डोकं फिरवून घेऊ नये. छापील मार्गदर्शिका एक सांगते, अ‍ॅप दुसरं, गावाबाहेरची पाटी तिसरं. एकाच टप्प्यात किलोमीटर-दोन किलोमीटरचा फरक अगदी सहज पडतो. फोन तर रात्री याहून मोठा आकडा दाखवतो, कारण त्यात संध्याकाळी किराणा आणायला, चर्च पाहायला, जेवायला केलेल्या चकरा असतात. मी प्रत्येक दिवसाला दोन किलोमीटर गावातले म्हणून धरले होते. पाम्प्लोना, बुर्गोस, लेओनसारख्या शहरांत तेही कमी पडतात.

एक गंमत. बाराव्या शतकातल्या 'कोडेक्स कॅलिक्सटिनस' या हस्तलिखितात हीच वाट अवघ्या १३ टप्प्यांत बसवली आहे. एस्तेया ते नाखेरा एक टप्पा, नाखेरा ते बुर्गोस पुढचा. हे दोन घोड्यावरून, असं तिथे लिहिलेलं आहे म्हणून बरं. नियोजनाचा ताण आला की मी ते टप्पे मैत्रिणीला वाचून दाखवायची.

मेसेता, म्हणजे बुर्गोसच्या पुढचं ते सपाट पठार, कागदावर वेगाचा भाग वाटतो. चढ नाही म्हणून तिथे तीस-तीस किलोमीटर लावायचा मोह होतो. आम्ही सप्टेंबरात होतो आणि मी तिथे पंचविसाच्या वर फारसं लावलं नाही. एक तर कडक, खडीच्या एकसारख्या वाटेने तळवे लवकर दुखतात. दुसरं कारण घड्याळाचं. स्पेन पश्चिमेला असूनही तिथलं घड्याळ मध्य युरोपाचं आहे. सप्टेंबरच्या मध्यावर सूर्य उगवतो पावणेआठ-आठला आणि डोक्यावर येतो दुपारी दोन वाजल्यानंतर. "सहाला निघू, बाराला पोचू" याचा अर्थ जवळपास दोन तास डोक्याला बॅटरी बांधून वाट दाखवणारे पिवळे बाण शोधत चालणं. ज्यांना जमतं त्यांनी करावं. आम्ही उजाडताना निघायचो आणि ऊन तापायच्या आत जेवढं होईल तेवढाच दिवस धरायचो.

डोंगरात पुन्हा उताराचा रकाना कामाला आला. फोन्सेबादोन ते मोलिनासेका साधारण २० किलोमीटर. चढ किरकोळ, क्रूस दे फेरो हा उंचावरचा लोखंडी क्रूस सुरुवातीलाच येऊन जातो. नेस्मिथच्या हिशेबाने हा सोपा दिवस. पण दीड हजार मीटरच्या उंचीवरून सहाशेपर्यंत दगडांवरून उतरायचं असतं. मैत्रिणीला एका दमात उतरायचं होतं, मला मधल्या एल असेबो गावात थांबायचं होतं. मी थांबले, ती पुढे गेली, दुसऱ्या दिवशी पोनफेरादात भेटलो. दोघींचे गुडघे शाबूत होते, त्यामुळे वाद अजून मिटलेला नाही.

विश्रांतीच्या दिवसांबद्दल एक व्यावहारिक अडचण असते. सरकारी किंवा चर्चच्या अल्बर्गेमध्ये, म्हणजे यात्रेकरूंच्या वसतिगृहात, साधारणपणे एकच रात्र राहता येतं, आणि सकाळी आठच्या सुमारास बाहेर पडावं लागतं. पूर्ण सुट्टी घ्यायची तर सॅक उचलून दुसरी खोली शोधा, पैसे जास्त मोजा. म्हणून मी पूर्ण सुट्ट्यांऐवजी दहा-बारा किलोमीटरचे आखूड दिवस पेरले होते. दुपारच्या आत पोचायचं, कपडे धुवायचे, पाय वर करून पडायचं. शिवाय मार्गदर्शिकेतले टप्पे जिथे संपतात तिथेच सगळे थांबतात; त्याच्या एक गाव अलीकडे किंवा पलीकडे थांबलं की खाट मिळते आणि झोपही.

सारियाच्या पुढे सगळा स्वभावच बदलतो. पायी जाणाऱ्यांना 'कोम्पोस्तेला' या यात्रा पूर्ण केल्याच्या प्रमाणपत्रासाठी किमान १०० किलोमीटर लागतात, आणि सारिया सांतियागोपासून साधारण ११५ किलोमीटरवर, त्यामुळे खूप जण तिथूनच सुरू करतात. तोपर्यंत मी फक्त पुढच्या दोन दिवसांचं अंतर पक्कं करायची. तिथून पुढे मुक्काम आधी फोन करून ठरवले. नेहमीचे टप्पे पोर्तोमारिन २२, पालास दे रेई २५, आर्सुआ २९, ओ पेद्रोउसो १९, सांतियागो २०. यातले २९ मी मेलिदेला तोडले, कारण गालिसियात, म्हणजे सांतियागोच्या या प्रांतात, तिथून पुढे मोठा डोंगर नसला तरी सारखं चढ-उतार असतं आणि त्याची बेरीज वाढत जाते. वाटेवरचे दगडी खांब उरलेलं अंतर तीन दशांश स्थळांपर्यंत दाखवतात. माझ्यासारखीला ते व्यसनच लागलं.

शेवटच्या दिवसाला लोक वेगळंच गणित करतात: कॅथेड्रलमधली दुपारी बाराची यात्रेकरूंची प्रार्थना गाठायची. पेद्रोउसोहून त्यासाठी अंधारात निघावं लागतं, माझ्या वेगाने तर पाचच्या आसपासच. दुसरा पर्याय आदल्या रात्री मोन्ते दो गोसोला झोपण्याचा, तिथून पाचेक किलोमीटरच राहतात. आम्ही दोन्ही केलं नाही. दुपारी आरामात पोचलो आणि प्रार्थनेला दुसऱ्या दिवशी गेलो, कारण शीटमध्ये राखून ठेवलेले दिवस उरले होते. ते सांतियागोच्या पुढे समुद्रकाठच्या फिनिस्तेरेकडे चालण्यात गेले: सुमारे ९० किलोमीटर, पहिला मुक्काम नेग्रेइरा, अंतर २१, त्यात मार दे ओवेयासचा चढ वेगळा धरून.