दुधाचा खाडा आणि किल्ल्याची वाट

‘दिवाळी झाली की अजिंक्यतारा किल्ल्यावर सकाळी फिरायला जाऊ लागतो, आणि जून आला की बंद पडतं. सवय टिकवायची कशी?’ साताऱ्यात हा प्रश्न इतक्यांदा कानावर येतो की उत्तर एकदाचं लिहूनच टाकतो.

आधी ‘एकवीस दिवसांत सवय लागते’ हे भूत उतरवू. मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनने १९६० मध्ये लिहिलं होतं की, शस्त्रक्रियेनंतरचा नवा चेहरा अंगवळणी पडायला किमान २१ दिवस लागतात. पुढे त्यातलं ‘किमान’ गळालं आणि चेहऱ्याच्या जागी सवय येऊन बसली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर अभ्यास केला, त्यात सवय लागायच्या काळाचा पसारा १८ ते २५४ दिवसांचा निघाला, मधला आकडा ६६. मध्येच एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं.

दिवाळी ते जून म्हणजे दोनशे दिवस. बहुतेकांची सवय तोवर लागलेली असते. पण ती ज्या खुंटीला टांगलेली असते, ती खुंटीच पावसात निखळते.

घड्याळ ही कच्ची खुंटी. जानेवारीत साताऱ्याला सूर्य सातनंतर उगवतो, जूनच्या सुरुवातीला सहाच्या सुमारास. साडेपाचचा गजर मे महिन्यात उजाडता उजाडता होतो, जानेवारीत मिट्ट काळोखात. एमआयडीसीत पाळ्या बदलणाऱ्यांचं तर विचारूच नका. त्यापेक्षा रोज हमखास घडणाऱ्या कामाला सवय बांधा: दुधाचं पातेलं उतरवलं की बूट, तिसऱ्या पाळीवाल्याने घरी येऊन डबा घासला की बूट. चहा मात्र परत आल्यावरच. आधी घेतला की हातात पेपर येतो, आणि पेपर आला की माणूस उठत नाही.

बूट रात्रीच दाराशी, मोजे आतच कोंबलेले. मोबाईल उशाशी नको, स्वयंपाकघरात ठेवा.

आता पावसाळा. जूनच्या आधीच ठरवून ठेवा: किल्ल्याजवळच्या चारभिंती स्मारकाकडे जाता येणार नसेल तर त्याच वेळी, तेच बूट घालून, घरचा किंवा सोसायटीचा जिना. दहा खेपा, कठडा धरून. सावकाश केल्या तरी पाचेक मिनिटांत होतात. एवढ्याने व्यायाम कसला, असं म्हणाल. व्यायाम थोडाच होतो, खरं आहे. पण पातेलं आणि बूट यांची गाठ सुटत नाही, आणि ऑक्टोबरात पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

नोंदीसाठी ॲप नको. आपल्या घरात हिशेबाची एक फार चांगली पद्धत आधीच आहे: कॅलेंडरवरचा दुधाचा खाडा. दूध आलं तर कुणी लिहीत नाही, आलं नाही त्या चौकोनात फुली पडते. पहिले दोन महिने मात्र उलटं करा, गेलात त्या दिवशी खूण करा, कारण तेव्हा जाणंच नवं असतं. नंतर फक्त खाडा. एका खाड्याची चिंता नको. लागोपाठ दुसरा पडतोय असं दिसलं की त्या दिवशी निदान दोन खेपा तरी करा. लग्न, जत्रा, पाहुणे यांचे खाडे आधीच मांडून ठेवले तर ते मोडल्यासारखे वाटत नाहीत.

सवय बंद पडण्याचं आणखी एक कारण कुणी सांगत नाही, पण जुलैत बऱ्याचदा तेच असतं: ओले बूट. सकाळी पाय घातला की आत गार चिखल, आणि माणूस मागे फिरतो. शक्य असेल तर दोन जोड ठेवा, आलटूनपालटून. एकच असेल तर आल्याआल्या नाडी सैल करा, आतली गादी काढून वेगळी ठेवा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे घट्ट भरा. दोन तासांनी ते ओले बोळे काढून कोरडे घाला. हे राहून जातं आणि मग कुबट वास येतो. नंतर पंख्याखाली आडवे ठेवा. गॅसजवळ नको, चिकटवलेला तळ सुटतो.