नालबंद शोधताना

नाशिकमध्ये बैलाला पत्र्या मारणारा माणूस चार जणांना विचारलं की सापडतो. घोड्याचा नालबंद तसा सापडत नाही. टांगे कमी झाले तसे तेही कमी झाले. वरातीच्या घोड्या आहेत म्हणून काही जण अजून या धंद्यात आहेत.

मखमलाबादच्या आमच्या मळ्यावर शर्यतीतून निवृत्त झालेला घोडा सुलतान आला आणि थोड्याच दिवसांत त्याच्या पुढच्या पायाचा नाल सैल होऊन फरशीवर खटखट वाजू लागला. गुरांच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, "आजार असला तर मला बोलवा. नाल ठोकणं हे नालबंदाचं काम." पत्र्या मारणाऱ्याकडे गेलो, तर तोही नाही म्हणाला. बैलाच्या दोन भागांच्या खुराला दोन पत्र्या लागतात आणि बैल पाडून, पाय बांधून ठोकतात. घोड्याचं सगळं उभ्याने. "ते माझ्या हाताचं काम नाही," म्हणाला. पैसे मिळत असताना असं सांगणारा माणूस विरळाच.

शेवटी पंचवटीत वरातीला घोडी देणाऱ्या एकाने एका नालबंदाचा, चाचांचा, नंबर दिला. चाचा एका घोड्यासाठी येत नाहीत, फेरीवर निघतात. मग सुलतान, शेजारच्यांची वरातीची काठेवाडी घोडी आणि त्यांच्याच मुलांचं तट्टू असे तिघे जमवले, तेव्हा ते यायला तयार झाले. चार पायांचे पैसे वेगळे, दोन पायांचे वेगळे आणि नुसतं खूर कापायचे वेगळे. फोनवरच बोलून घेतलेलं बरं. जागा सपाट, टणक आणि सावलीची हवी. खूर कोरडे हवेत, आदल्या रात्री धुऊन ओले ठेवले तर चाचा चिडतात.

आल्या आल्या हत्यारं निघतील असं वाटलं होतं. चाचा म्हणाले, "चालवा." द्राक्षं भरायच्या शेडसमोर सुलतानला सरळ नेऊन आणलं. त्यांनी मागून पाहिलं, बाजूने पाहिलं आणि विचारलं, "भाऊ, हा काम काय करतो?" मी म्हटलं, काही नाही, बांधावरून हिंडतो. त्यावरच पुढचं सगळं ठरलं.

शर्यतीचे नाल ॲल्युमिनियमचे असतात, हलके आणि लवकर झिजणारे. खिळ्यांची वळवलेली टोकं सरळ करून, एकेक खिळा ओढून त्यांनी ते उतरवले. सुलतानच्या खुराची भिंत पातळ, तळवा सपाट (शर्यतीच्या थरोब्रेड जातीत हे नेहमीचंच) आणि जुन्या खिळ्यांच्या भोकांनी कड चुरलेली. चारही पाय मोकळे सोडले तर खडीवर पाय टाकायला भिईल. चारही ठोकले तर चुरलेल्या कडेला आणखी भोकं. म्हणून मागचे दोन मोकळे सोडले आणि पुढच्यांना हलके लोखंडी नाल मारले, कारण अंगाचा साधारण साठ टक्के भार पुढेच असतो. टाचेकडे एकही खिळा नाही. पाय टेकला की खूर मागे थोडा पसरतो, तिथे खिळा आला की तो आवळला जातो. ठोकताना त्यांचा कान खिळ्याकडे होता. कठीण भिंतीतून जाणाऱ्या खिळ्याचा आवाज घट्ट येतो. तो बसका झाला तर खिळा आत, जिवंत भागाकडे वळलाय.

काठेवाडी घोडीचं गणित उलटं. तिचे खूर टणक, पण रात्रभर डांबरावर आणि सिमेंटवर, बँडच्या तालावर नाचायचं. तिला चारही नाल लागतात. उतरवलेला जुना नाल चाचांनी आमच्या हातात दिला: एका बाजूने कागदासारखा झिजलेला. पाय वाकडा पडतोय हे त्यावरून कळलं आणि त्या मापाने खूर कानसून घेतले. तट्टूचे फक्त वाढलेले खूर कापले. नाल नको, म्हणाले. नाल ठोकायचीच हौस असलेला माणूस असता तर त्याचेही पैसे घेतले असते.

नंतर दोन-तीन दिवस रोज खुराला हात लावून बघायचं. एकच खूर गरम लागला किंवा घोडा लंगडला तर खिळा जवळ गेल्याची शंका घ्यायची आणि नालबंदाला परत बोलवायचं. धनुर्वाताची लस मात्र डॉक्टरांकडून आधीच देऊन ठेवा. घोड्याला तो फार लवकर होतो.

पावसाळ्यात आमची काळी माती खुरात गच्च बसते. तळाच्या मधल्या त्रिकोणी मऊ भागालगतच्या खाचा काळ्या पडून कुजका वास आला की खूर सडतोय असं समजायचं. चाचांचं म्हणणं, औषधाच्या आधी उभं राहायची जागा कोरडी करा. रोज टाचेकडून पुढे असं खूर कोरून काढणं मी गड्याला शिकवलं, त्यामुळे सुलतानही आता पाय उचलून द्यायला शिकलाय.

खूर महिन्याला आठ-दहा मिलिमीटर वाढतो, म्हणून नाल झिजलेला नसला तरी सहा ते आठ आठवड्यांनी काढून खूर कापावा लागतो. चातुर्मासात लग्नं नसतात, तेव्हा चाचांना वेळ असतो. तुळशीचं लग्न लागलं की ते फोन उचलत नाहीत; दिवाळीच्या आधीच तारीख घेऊन ठेवा.