'आम्ही' म्हणजे कोण?

स्मरणिकेसाठी लिहायला बसलो तेव्हा स्नेहसंमेलनं, सहली, शाळेमागची करवंदं, बरंच आठवलं. पण लिहायचं आहे ते नववीतल्या एका तासाबद्दल.

साल २००२. कौलांवर पाऊस असा कोसळत होता की सरांना आवाज चढवावा लागत होता. आमचे इंग्रजीचे सर मुंबईला गेले की फ्लोरा फाउंटनच्या फूटपाथवरून जुनी पुस्तकं आणत. त्या दिवशी त्यांनी स्टीव्हन मिलहाउझर या अमेरिकन लेखकाची 'द नाइफ थ्रोअर' काढली, १९९८च्या संग्रहातली. थोडं इंग्रजीत वाचायचं, लगेच मराठीत सांगायचं. गावात सुरीफेक करणारा येतो. नेम अचूक, पण लोकांना ओढ वेगळीच: हा मुद्दाम, अगदी अलगद, जखम करतो म्हणे. सहायिकेच्या मानेवर रक्त दिसतं. मग प्रेक्षकांतलेच काही आपणहून स्टेजवर जातात, खूण करून घ्यायला. शेवटी एक मुलगी अखेरच्या खुणेसाठी उभी राहते. काहींना ती ओरडल्याचं ऐकू येतं, काहींना तिचं गप्प राहणं जाणवतं. सुरी लाकडात रुतल्याचा आवाज मात्र कोणालाच येत नाही. घरी जाताना लोक एकमेकांची समजूत घालतात, सगळं बनावट असणार.

"सर, ता चेडू मेला काय?" मागच्या बाकावरून प्रश्न आला.

"लेखकाने सांगितलेलं नाही. पण गोष्ट सांगतंय कोण?" सरांनी पानं उलटून दाखवली. सगळीकडे 'आम्ही'.

शेवट झाकून ठेवण्यात लेखकाची चलाखी नाही, असं मला आजही ठामपणे वाटतं. ती मेली की वाचली हे कळलं, की आपण सुटतो.

मला आदल्या हिवाळ्यातला आठवडा बाजार आठवला. डोंबाऱ्याचा खेळ चालला होता. दोरीवर आठ-नऊ वर्षांची मुलगी, हातात आडवी काठी. डाव्या अंगठ्याला हळद भरून चिंधी बांधलेली, भिजून लाल झालेली. ती मला दिसली होती. तरी "रिंग! रिंग!" ओरडणाऱ्यांत माझा आवाज होता. बापाने वर पाहिलं. तिने मान हलवली. त्याने सायकलची रिंग वर दिली. तिसऱ्या पावलाला दोरी हेलकावली आणि ती दोरीवरच धपकन बसली. कोणी बाई "गो बाय माझे!" म्हणाली. क्षणभर शांतता, मग टाळ्या. माझ्याही. "मुद्दाम करतत तसा," शेजारचा म्हणाला. घरी जाऊन आईला मी तेच सांगितलं.

वर्गात हात वर करून मी हे सगळं बोललो. सर रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "मान कशी हलवली तिने? करून दाखव."

मी करून दाखवली. अर्धा वर्ग म्हणाला, हो. अर्धा म्हणाला, नको. घंटा झाली तरी कोणी उठेना.

"परत करून दाखव रे," कोणीतरी म्हणालं.

मी खाली बसलो.