निकालाच्या हंगामात काय बोलायचे नाही

एका सूचिबद्ध कंपनीत इन्व्हेस्टर रिलेशन्स ॲनालिस्ट म्हणून, म्हणजे गुंतवणूकदारांना कंपनीची माहिती देणारा म्हणून, काम करतो असे सांगितले की शेअर घ्यावा की विकावा, हा प्रश्न ठरलेलाच असतो. त्याचे उत्तर मला देता येत नाही; किंबहुना तिमाही संपल्यापासून निकाल जाहीर होऊन ४८ तास उलटेपर्यंत ट्रेडिंग विंडो (कर्मचाऱ्यांना कंपनीच्या शेअरचे सौदे करण्याची मुभा असलेला काळ) बंद असल्याने आमच्या कंपनीच्या शेअरला मला स्वतःलाही हात लावता येत नाही.

शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीच्या नियमांनुसार तिमाही निकाल ४५ दिवसांत आणि वार्षिक निकाल ६० दिवसांत जाहीर करावे लागतात. या काळात ब्रोकरेजमधल्या ॲनालिस्टांचे फोन काही थांबत नाहीत. ‘आम्ही नफ्याचे मार्जिन एवढे धरले आहे, फार चुकत नाही ना?’ असे अगदी सहज विचारले जाते. त्यावर ‘हो’ म्हणणे तर दूरच, ‘जरा जास्त वाटते’ असा नुसता सूर लागला तरी जाहीर न झालेली माहिती एकाच्या हाती आधी पडते आणि तिच्या जोरावर सौदे होऊ शकतात. म्हणून निकालानंतर ॲनालिस्टांच्या प्रश्नांसाठी होणाऱ्या मागच्या कॉन्फरन्स कॉलमध्ये व्यवस्थापन जे बोलले, तेवढेच पुन्हा सांगायचे. समोरचा वैतागतो, त्याला इलाज नाही.

माझ्या मते या कामाचा खरा कस कॉलआधी व्यवस्थापनासाठी तयार करायच्या प्रश्नोत्तरांच्या फाइलमध्ये लागतो. ग्राहकांकडची येणी का वाढली, कच्च्या मालाची दरवाढ किमतीत का उतरली नाही, प्रवर्तकांचे शेअर तारण का आहेत, अशा प्रश्नांची उत्तरे वित्त विभागाकडून आकड्यांसह मिळवून ती दोन-तीन वाक्यांत बसवावी लागतात. ‘हे कोणी विचारणार नाही’ म्हणून वरिष्ठ ज्या प्रश्नावर काट मारतात, तो मी मुद्दाम ठेवतो, कारण कॉलवर बहुधा तोच येतो. (निकाल कितीही वाईट असले तरी पहिला प्रश्नकर्ता अभिनंदन करूनच सुरुवात करतो, ही रीत मला अजून उलगडलेली नाही.)

बाजार चालू असताना संचालक मंडळाची बैठक संपली, तर निकाल ३० मिनिटांत एक्स्चेंजवर चढवावे लागतात. कॉलनंतर ध्वनिमुद्रण आणि पाच कामकाजाच्या दिवसांत शब्दांकनही द्यायचे असते. ते तपासताना मुद्रण पुन्हा ऐकतो, कारण इंग्रजीतले ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ लिहिणाऱ्याला सारखेच ऐकू येतात.